धीमे तापे

पहाटे ५.००

मावशींनी मागच्या अंगणातली शेगडी पेटवली. जानेवारी आहे. चाळीसगावची थंडी कोरडी, पायाच्या बोटांतून चढते. अंगावर शाल, कानाला रुमाल. लाकडी कोळसा चाळीस रुपये किलो. आज अडीच किलो लागेल. आत दोन शेगड्यांचा गॅस आहे, पण दूध त्या कोळशावरच आटवतात.

तपेली तांब्याची. आतून कल्हई, बाहेरून काळी. दोन लिटर म्हशीचं दूध ओतलं आणि पाटावर बसून लाकडी उलथन्यानं ढवळायला लागल्या. हात थांबत नाही. बुडाला लागलं तर करपट वास येतो आणि तो जायफळानंही जात नाही.

दुपारी नाशिकहून आठ माणसं जेवायला येणार आहेत. फोटो काढणाऱ्यांचा गट आहे. छायाचित्रकार केकी मूस यांचं घर बघायचं आणि पारशी जेवायचं, असा बेत. ताटाला साडेचारशे. हजार रुपये आगाऊ आले आहेत.

मावशी पारशी नाहीत. इथल्याच, घरात अहिराणी बोलणाऱ्या. भुसावळला एका पारशी कुटुंबात त्यांनी बावीस वर्षं काम केलं. आधी धुणंभांडी, मग भाजी चिरणं, मग सगळा स्वयंपाक. साहेब रेल्वेत होते. मुलं परदेशी गेली, साहेब गेले, मग बाई गेल्या. घर बंद झालं. मावशी मुलाकडे चाळीसगावला आल्या. येताना ही तपेली आली, चॉकची, म्हणजे पारशी रांगोळीची, पत्र्याची डबी आली, आणि बाकी सगळं हातात आलं.

“बाई म्हणायच्या, धीमे तापे. मंद आंच. घाई झाली की त्यांना वासावरून कळायचं. आतल्या खोलीतून ओरडायच्या.”

सकाळी ६.१०

फोन वाजला. नाशिकची मंडळी निघायच्या बेतात होती. आठच माणसं ना, असं मावशींनी विचारलं. हो, आठच. आणि मावशी, आमच्या सरांचा आज साठावा वाढदिवस आहे, तेवढं धानसाक जोरदार होऊ द्या.

मावशींचं उलथनं थांबलं.

“वाढदिवस आहे? मग धानसाक नाही होणार.”

पलीकडे गोंधळ. मावशींनी शांतपणे सांगितलं. पारशी घरात माणूस गेलं की तीन दिवस मटण शिजत नाही. चौथ्या दिवशी डाळ-मटणाचं धानसाक करून ते सुरू करतात. एरवी रविवारी खातात, पोटभर खातात, झोपतात. पण सणाला, लग्नाला, वाढदिवसाला चुलीवर धानसाक चढत नाही. त्या दिवशी धान-दार, म्हणजे भात-डाळ, आणि माशाचा आंबटगोड पात्यो. “मी करते ते. आवडेल तुम्हाला. पैसे तेवढेच.”

येणारे पारशी नाहीत, करणारी पारशी नाही. धानसाक वाढलं असतं तर कोणालाच काही कळलं नसतं. मी तसं म्हटलं. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. “मला कळलं असतं ना.”

रात्री भिजवलेल्या तूर, मसूर, मूग आणि हरभऱ्याच्या डाळी सुनेनं निथळून बाजूला ठेवल्या. त्या आता घरच्यांच्या जेवणात जातील. वाढदिवस म्हटल्यावर शेवया आणि मीठू दही हवंच. दही लावायला उशीर झालेला, त्यात थंडी. सुनेनं आणखी एक लिटर दूध साखर घालून उकळलं, कोमट झाल्यावर विरजण लावलं. मावशींनी तो डबा गोणपाटात गुंडाळून शेगडीजवळच्या भिंतीशी ठेवला. “लागेल. सैल लागेल, पण लागेल.”

सकाळी ६.५०

बाजार. मटणवाला ओळखीचा. भाव आठशे. दीड किलो, बाराशे. मावशी मांडी आणि मान मागतात, नुसती बोटी नको म्हणतात. हाडाशिवाय रस्सा अंगाला लागत नाही. तुकडे मध्यम. एक तुकडा उचलून त्यांनी परत ठेवला, दुसरा घेतला. मटणवाला काही बोलला नाही.

मासे दुसऱ्या टोकाला. बाईंच्या घरी पात्यो कोळंबीचा व्हायचा, मुंबईहून बर्फात येणाऱ्या. इथे गिरणा धरणाचा राहू. दीड किलो, दोनशेच्या भावानं तीनशे. कल्ल्याखाली बोट घालून रंग पाहिला. राहूला काटे फार, म्हणून शेपटीकडचा भाग घरच्यांसाठी, मधले जाड काप पाहुण्यांसाठी. मला तरी पात्योत राहू कमी वाटत नाही. जाड रश्श्यात त्याचा चिखलवास दबतो आणि गोडी उरते.

येताना कांदे, बटाटे, टोमॅटो, कोथिंबीर, आलं-लसूण, लिंबं. दोनशे तीस. पिशव्या दोन्ही हातांत. रिक्षावाला वीस रुपये मागत होता. चालत आलो.

सकाळी ८.१५

पाटा अंगणात. लाल मिरच्या रात्रीच सिरक्यात भिजत घातलेल्या. उसाचा सिरका, नवसारीकडचा, गडद तपकिरी. मुंबईहून कोणी येणार असेल तर मावशी बाटली मागवतात. मिरची, जिरं, लसूण. पाणी अजिबात नाही. वाटताना लागेल तसा सिरकाच शिंपडायचा. वरवंटा पुढे जातो, मागे येतो, खांद्यातून. डोळ्यांना झोंबणारा वास गल्लीपर्यंत गेला असावा, कारण शेजारीण डोकावून गेली.

मिक्सर आहे. फडताळात. “मिक्सरमध्ये लसूण कडू होतो,” मावशी म्हणाल्या. पाव किलोच्या आसपास वाटण. अर्धं मटणाच्या सल्ली-बोटीला, अर्धं पात्योला.

सुनेला कांदा परतायला बसवलं आहे. सहा मोठे कांदे, उभे, पातळ चिरलेले. तिचा हात सवयीनं काळ्या मसाल्याच्या डब्याकडे गेला. मावशींनी नुसतं “अं हं” केलं. आपल्याकडे मटण म्हटलं की भाजलेला कांदा, खोबरं, काळा मसाला, वर तेलाचा तवंग. तिखट नाकात गेलं पाहिजे. पारशी हात वेगळा. आंबट आणि गोड दोन्ही हवं, आणि तिखट मागे बसलेलं हवं. या जेवणात मसाला जास्त झाला तर झाकता येत नाही. खान्देशी हाताला हे शिकायला वेळ लागतो. मावशींनाही लागला होता, पहिलं वर्षभर बाई रोज चव घेऊन मान हलवायच्या.

कांदा खरपूस झाला. वाटण पडलं. मग मटण, हळद, मीठ. झाकणावर पाणी. टोमॅटो अर्ध्या तासानं. गूळ सगळ्यात शेवटी, सुपारीएवढा.

सकाळी ९.३०

सल्ली. बटाट्याच्या काड्या, काडेपेटीतल्या काडीपेक्षा बारीक. किसणीवर केल्या तर तुटतात आणि तेल पितात, म्हणून विळीवर. आधी बटाट्याची पातळ चकती, मग चार-पाच चकत्या एकावर एक ठेवून उभं चिरायचं. दीड किलो बटाटे. मावशी आणि सून समोरासमोर बसल्या. तासभर दुसरं काही झालं नाही. मी एक बटाटा चिरून पाहिला. माझ्या काड्या मावशींनी वेगळ्या काढून रश्श्यात टाकल्या.

चिरलेलं मिठाच्या गार पाण्यात. तीन पाणी बदलली, पाणी नितळ होईपर्यंत. मग जुन्या पांढऱ्या धोतराच्या कापडावर पसरून टिपलं. ओल राहिली तर कढईत तेल उसळतं. मावशींच्या मनगटावर त्याचे जुने डाग आहेत.

तेल कडकडीत. मूठभर काड्या सोडल्या की कढई खवळते. झारा फिरवत राहायचं. आवाज कमी झाला की काढायचं. रंगाकडे मावशी बघतच नाहीत, ऐकतात. नऊ-दहा घाणे. शेवटी डबाभर सोनेरी काड्या झाल्या. शेजारच्या पोरानं मूठभर उचलल्या आणि पळाला.

सकाळी १०.४०

लगन नु कस्टर्ड. पहाटे आटवलेलं दूध अर्ध्याच्या आसपास उरलं आहे, बदामी रंगाचं. त्यात साखर विरघळलेली. आता गार. आठ अंडी फेटून त्यात, जायफळ किसून, वेलची, चारोळी. पारशी लग्नाच्या पंक्तीत हे शेवटी येतं. बाईंकडे ओव्हन होता. मावशींकडे नाही. जवळच्या बेकरीत भट्टीत ठेवायला पन्नास रुपये घेतात, पण पाव काढायच्या घाईत कोण लक्ष देणार. एकदा वरचा थर जळून आला, तेव्हापासून घरीच.

पसरट भांड्याला तूप लावलं. मिश्रण ओतलं. शेगडीतले निखारे अर्धे खाली ठेवले, बाकीचे चिमट्यानं उचलून वरच्या लोखंडी झाकणावर रचले. कडेला जास्त, मधे कमी. बाई सांगायच्या की त्यांच्या आजीच्या घरी ओव्हन नव्हता तेव्हा असंच करत. म्हणजे मावशी या बाबतीत बाईंपेक्षा जुन्या पद्धतीनं करतात.

चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. झाकण उघडायचं नाही. या वेळात मावशींनी दारात चॉक घातला. पत्र्याच्या डबीला तळाशी बारीक भोकं, त्यातून मासा आणि फूल उमटतं. आत पांढरी पूड. उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना ठक ठक करत मासे उमटले. गल्लीत सगळ्यांच्या दारात हातानं काढलेली रांगोळी असते. इथे हे मासे.

दुपारी ११.४५

पाहुण्यांची गाडी मालेगावमार्गे आली. मावशींचं चालू आहे, म्हणून मी स्टेशनजवळच्या मूस यांच्या घरी गेलो. आता तिथे त्यांच्या नावाचं कलादालन आहे.

कैखुश्रू ऊर्फ केकी मूस, जन्म २ ऑक्टोबर १९१२, मुंबई. कलेचं शिक्षण परदेशी घेतलं, जग पाहिलं, आणि चाळीसगावच्या या दगडी घरात येऊन राहिले ते पुढची पन्नासेक वर्षं जवळजवळ बाहेर न पडता. ३१ डिसेंबर १९८९ रोजी इथेच गेले. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून, दिव्याचा उजेड हवा तिथून पाडून त्यांनी छायाचित्रं केली. फोटोत डोंगर दिसतो, वादळ दिसतं, म्हातारी दिसते, आणि प्रत्यक्षात ते टेबलाएवढं असतं. शिवाय चित्रं, शिल्पं, लाकडावरचं काम, सतार. नाशिकची मंडळी एकेका फोटोसमोर बराच वेळ उभी होती. वाढदिवसाचे सर उजेड कुठून आला असेल ते बोटानं हवेत दाखवत होते.

आणि मग ती गोष्ट, चाळीसगावात प्रत्येकाला ठाऊक असलेली. एका मुलीनं मुंबईच्या स्टेशनावर त्यांना शब्द दिला होता, एक दिवस पंजाब मेलनं येईन आणि तुझ्याबरोबर जेवेन. पंजाब मेल सुरू झाली तीही १९१२ मध्येच. रोज रात्री गाडीच्या वेळेला मूस दारं-खिडक्या उघडत, दोघांचं टेबल मांडत, फुलं ठेवत. गाडी निघून गेली की दार बंद. असं सांगतात.

ही गोष्ट सांगताना सगळे वाट पाहण्याबद्दल बोलतात. सकाळी बटाटे चिरताना मावशी वेगळंच बोलल्या होत्या. “रोज दोन ताटं म्हणजे रोज दोघांचा स्वयंपाक. दुसऱ्या ताटाचं काय करत असतील? सकाळी खात असतील तेच. पारशी माणूस अन्न टाकत नाही.”

दुपारी १.१५

“जमवा चालो जी!” मावशींनी दारातून हाक दिली. बाईंच्या घरी पंगत अशीच बोलावली जायची.

पुढच्या खोलीत सतरंजी, दोन बाकं जोडून केलेलं टेबल. पाहुणे आठ. नववा ड्रायव्हर गाडीतच बसला होता. मावशींनी सुनेला पाठवलं. तो म्हणाला, माझा डबा आहे. मावशी स्वतः गेल्या. “डबा रात्री खा, दादा.” तो येऊन कडेला बसला. त्याचंही ताट तसंच.

आधी शेवया आणि मीठू दही. दही सैल होतं, डब्यातून पळीनं वाढावं लागलं, पण वरून साय धरली होती. सरांच्या हातावर मावशींनी पहिला चमचा ठेवला. मग सल्ली-बोटी. मटण आधी, सल्ली वरून, अगदी वाढताना, नाहीतर मऊ पडते. सोबत पोळ्या. ड्रायव्हरनं पहिला घास घेतला आणि सुनेला हळूच विचारलं, “ताई, ठेचा शे का?” होता. घरचा हिरव्या मिरचीचा. मावशींनीच वाटी पुढे सरकवली. या बाबतीत त्या हट्टी नाहीत.

मग पांढरा भात, त्यावर मोरी दार. तूरडाळ, हळद, मीठ, बस्स. शिजवून रवीनं घुसळलेली, इतकी एकजीव की डाळीचा दाणा शोधून सापडत नाही. वरून तुपात लसूण-जिऱ्याचा वघार. बाजूला पात्यो. घट्ट, लालतांबूस, सिरक्याचा आंबटपणा आधी आणि गुळाची गोडी मागून. पिवळी साधी डाळ आणि हा पात्यो एका घासात आले की दोन्ही पूर्ण होतात. वेगवेगळे खाणाऱ्यांना मी सांगितलं, एकत्र घ्या. मला राहवलं नाही.

सुरुवातीला धानसाक हुकलं म्हणून थोडी कुरकुर होती. एका बाईंनी तिसऱ्यांदा भात घेतला तेव्हा ती संपली. सरांनी राहूचा काटा बाजूला काढत विचारलं, धानसाक खायला परत कधी येऊ?

“वाढदिवस सोडून कधीही,” मावशी म्हणाल्या.

कस्टर्डचे चौकोन कापून आणले. वरचा थर तपकिरी, एका कोपऱ्यात जरा काळा. तो कोपरा मावशींनी आधीच काढून ठेवला होता.

दुपारी २.५०

हिशेब. पाहुण्यांनी आठ ताटांचे मोजायला घेतले. मावशी दारात उभ्या होत्या. “नऊ ताटं झाली.” क्षणभर थांबून मोजणाऱ्यानं मान डोलावली. नऊ गुणिले साडेचारशे, चार हजार पन्नास. हजार वजा. तीन हजार पन्नास. त्यानं सहा पाचशेच्या नोटा दिल्या आणि म्हणाला, ठीक आहे ना?

“पन्नास राहिले.”

पन्नास मिळाले. मला हे आवडलं. हौसेचं काम म्हणून लोक पन्नास सोडायला सांगतात, आणि सोडणारीलाच चांगलं म्हणतात. मटणवाल्यानं सकाळी पन्नास सोडले नव्हते.

गाडी पाटणादेवीकडे गेली. भास्कराचार्यांचं नाव लागलेलं ठिकाण आहे, देऊळ आहे, डोंगर आहे. सहा वाजेपर्यंत उजेड मिळाला तर त्यांना फोटो मिळतील.

दुपारी ३.१५

आता घरचं जेवण. सकाळी निथळलेल्या चार डाळी सुनेनं वांगं आणि लाल भोपळा घालून शिजवल्या होत्या, मटण न घालता, आणि यात मात्र काळा मसाला पडला होता. राहूच्या शेपटीचे तुकडे तळलेले. भाकरी. मावशी पहाटेपासून चहावर होत्या. बसताना गुडघ्याला हात लावून बसल्या. दोन भाकरी खाल्ल्या.

मी विचारलं, तुम्हाला स्वतःला पारशी जेवण आवडतं का?

“आवडतं. पण भाकरीबरोबर नाही जात.”

दुपारी ४.१०

भांडी. घासायला शेजारची बाई येते, दोनशे रुपये. पण तांब्याच्या तपेलीला तिला हात लावू देत नाहीत. ती मावशींची. तारेची घासणी नाही. चिंच, बारीक राख, नारळाची शेंडी. आतून नुसतं कोमट पाणी आणि फडकं, नाहीतर कल्हई निघते. एका जागी तांबडं दिसायला लागलं आहे. तिथे आंबट लागलं तर पदार्थ कळकतो, म्हणून यात फक्त दूध. पात्यो आणि बोटी स्टीलमध्ये. कल्हईवाला पूर्वी गल्लीत हाक देत यायचा. आता शोधावा लागतो. भुसावळला एक आहे, जाऊन ठेवायची, परत जाऊन आणायची. कल्हईचे पैसे वेगळे, गाडीभाडं वेगळं.

भुसावळचं ते घर आता कुणीतरी घेतलं आहे. गाडीतून दिसत नाही, पण स्टेशनावर उतरलं की मावशी तिकडे एक चक्कर मारून येतात. बाईंच्या ओळखीची पारशी घरं तेव्हा बोटांवर मोजण्याइतकी होती. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या देशात पारशी ५७,२६४. हा आकडा मी मावशींना सांगितला. त्यांनी विचारलं, “आपल्या चाळीसगाव तालुक्यात किती माणसं?” त्याहून कितीतरी जास्त, मी म्हटलं. त्या तपेली पुसत राहिल्या.

संध्याकाळी ५.४५

वही. शाळेची, चौकटीची. सून लिहिते, मावशी सांगतात.

मटण १२००. मासे ३००. दूध चार लिटर, २८०. त्यातलं एक लिटर चहात आणि घरात गेलं, पण मावशी ते धरतातच. अंडी डझन, ९०. तांदूळ १२०. तूरडाळ ७५. भाजी २३०. तेल-तूप २५०. साखर, गूळ, शेवया, चारोळी, जायफळ, वेलची २१०. पोळ्यांची कणीक घरची, धरली नाही. कोळसा १००. गॅस ८०, अंदाजे. मिरची आणि सिरका ७०. भांडी २००.

तीन हजार दोनशे पाच. आले चार हजार पन्नास. राहिले आठशे पंचेचाळीस.

त्यातले तीनशे मावशींनी सुनेच्या हातात ठेवले. तिनं नको म्हटलं नाही, पदराच्या टोकाला बांधले. बाईंनी मावशींना पगाराशिवाय प्रत्येक पार्टीचे वेगळे पैसे दिले होते, आधी पाच रुपये, शेवटी शेवटी शंभर. तो हिशेब इथे चालू आहे.

सिरक्याची बाटली उजेडात धरून पाहिली. तीन बोटं उरला आहे. पुढच्या ऑर्डरला पुरणार नाही.

फोन पुन्हा वाजला. जळगावचं एक कुटुंब, येत्या रविवारी, बारा माणसं. धानसाकच हवं.

“कोणाचा वाढदिवस वगैरे नाही ना?” मावशींनी आधी विचारलं. नव्हता. “मग होईल. ताटाला साडेचारशे, हजार रुपये आधी पाठवा. ड्रायव्हर असेल तर तेरा सांगा. आणि मुंबईहून कुणी येणार असेल तर सिरक्याची एक बाटली आणता येईल का ते विचारा, पैसे मी देते.”